विमानाच्या तिकिटातले कर: गेलो नाही तर परत काय मिळतं?

कॉन्फरन्सचं तिकीट काढताना आपण फक्त शेवटचा आकडा बघतो. वालचंदनगरहून एसटीने पुणे गाठून लोहगावला विमान पकडणाऱ्या, फेलोशिप अजून जमा न झालेल्या विद्यार्थ्याने तरी त्यामागचं 'फेअर ब्रेकअप' उघडून बघावंच.

मूळ भाडं आणि इंधन अधिभार विमान कंपनीचा. त्यावर जीएसटी, इकॉनॉमीला 5 टक्के. (बिझनेस क्लासला 22 सप्टेंबर 2025 पासून 18, तो आपला प्रांत नाही!) मग विमानसुरक्षा शुल्क: देशांतर्गत प्रवासाला एप्रिल 2021 पासून 200 रुपये. शेवटी यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरल्याचे पैसे. हे विमानतळागणिक बदलतात. मोठ्या विमानतळांसाठी 'एरा' हे नियामक प्राधिकरण ते ठरवतं.

ही शेवटची दोन शुल्कं कंपनी फक्त गोळा करते. म्हणूनच व्हायवाची तारीख बदलली किंवा विमान चुकलं, तरी डीजीसीएच्या नियमाप्रमाणे ती परत मिळायला हवीत, अगदी 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरसुद्धा. आपोआप आली नाहीत तर मागा. स्वस्त तिकिटात हा वाटा काही लहान नसतो. शिवाय रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही.

एक कर मात्र ब्रेकअपमध्ये दिसतच नाही. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे, रायगडसाठी तो 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. तो कंपनीच्या खर्चातून मूळ भाड्यातच मुरतो, त्यामुळे वेगळा परत मागायची सोयच नाही.