गोरी सून, सांबुरूचे घर

प्रेमाला जात नसते, देश नसतो, असे आपण कादंबऱ्यांतून नेहमी वाचतो. ते खरेही असेल. लग्नाला मात्र देश असतो, भाषा असते, सासूचे घर असते आणि महिनाअखेरीचा हिशेबही असतो. या दोहोंमधले अंतर किती मोठे असू शकते हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी कोरिन हॉफमन या स्विस बाईंची हकीगत जरूर समजून घ्यावी.

१९८६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ही बाई आपल्या मित्राबरोबर केनियात सुट्टीसाठी गेली. मायदेशी तिचे स्वतःचे कपड्यांचे दुकान होते आणि ते बरे चालले होते. मोंबासा शहर बेटावर वसलेले; दक्षिण किनाऱ्याकडे जावयाचे तर तेव्हा लिकोनीची फेरीबोट गाठावी लागे. त्या बोटीवर तिला लाल वस्त्र नेसलेला, मण्यांच्या माळा ल्यालेला एक उंच, देखणा योद्धा दिसला आणि तिचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. मित्र दुरावला, दुकान विकले गेले. पुढे त्या तरुणाचा शोध घेत ती थेट उत्तर केनियात जाऊन पोहोचली आणि १९८८ साली दोघांचे लग्न झाले.

या संसाराची कहाणी तिने १९९८ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केली. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'गोरी मासाई'. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या, २००५ साली त्यावर चित्रपटही निघाला. गंमत अशी की, तिचा नवरा मासाई नव्हताच. तो सांबुरू होता. दोन्ही जमाती 'मा' भाषा बोलतात, दोन्ही गुराढोरांवर जगतात, वेशही पुष्कळसा सारखा. तरी मासाई दक्षिण केनियात आणि टांझानियात राहतात, तर सांबुरू उत्तरेच्या कोरड्या मुलखात. २०१९ च्या जनगणनेत केनियातील मासाई सुमारे १२ लाख भरले आणि सांबुरू ३ लाख ३३ हजार. मासाई हे नाव युरोपच्या कानाला ओळखीचे, म्हणून तेच मुखपृष्ठावर आले. नवऱ्याची जमातच जिथे वाचकाच्या सोयीने बदलली, तिथे बाकीचे गैरसमज किती असतील!

नवे घर होते बार्सालोई या लहानशा खेड्यात. काटक्यांच्या सांगाड्यावर शेणमातीचा गिलावा, आत वाकूनच शिरावे लागणार आणि धूर कोंडलेला. त्या समाजात घर बांधणे हे बायकांचे काम, म्हणून झोपडी सासूची. सासूसुनेला एकमेकींची भाषा येत नव्हती. तरीही, किंबहुना म्हणूनच की काय, दोघींचे चांगले जमले. सासूविषयी या बाईने शेवटपर्यंत मायेनेच लिहिले आहे.

नवऱ्याशी जमणे कठीण गेले. सांबुरू तरुण सुंतेनंतर 'मोरान' म्हणजे योद्धा होतो आणि काही वर्षे त्याला कडक नेम पाळावे लागतात. बायकांची नजर पडलेले मांस मोरान खात नाही. आपल्याकडे नवी नवरी नवऱ्याला घास भरवते आणि नाव घेते. इथे नवराबायको जेवायला एकत्र बसणेच वर्ज्य. दिवसभराच्या गोष्टी बोलायच्या त्या पंगतीला, आणि पंगतच नाही! बोलायचे तरी कशात? दोघांत दुवा होता तो मोडक्यातोडक्या इंग्रजीचा.

पुढे बाईने गावात किराणा दुकान काढले आणि खरा पेच तिथे पडला. गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत, नाही तर दुकान बुडते, हे तिचे शास्त्र. दारी आलेला भाऊबंद रिकाम्या हाताने परत गेला तर आपले नाव बुडते, हे त्याचे शास्त्र. ती उधारी मांडू पाहत होती, तो नाते सांभाळत होता. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, आणि भांडण मिटेना ते त्यामुळेच. त्यात ती परक्या पुरुषांशी हसून बोलते म्हणून त्याचा संशय बळावला, मिरा नावाचा मादक पाला चघळण्याचे त्याचे व्यसन वाढले, आणि तिला मलेरियाने पुनःपुन्हा अंथरुणास खिळवले. १९८९ साली मुलगी झाली. किनाऱ्यावर बिऱ्हाड हलवून पाहिले. संशयही बरोबर आला. अखेर १९९० साली, सुट्टीला माहेरी जाते असे सांगून ती लेकीसह निघाली, ती नांदायला परत आली नाही.

दोष कोणाचा? बाईचे धाडस आणि कष्ट कोणीही नाकारू नयेत. पण किंमत एकट्या तिनेच मोजली असे नव्हे. दुकान तिच्या पैशाचे, गाडी तिच्या पैशाची. ज्या गावात भाल्याच्या बळावर तो ताठ मानेने वावरत होता, तिथेच तो बायकोच्या गल्ल्यावर जगणारा ठरला. शिवाय ही सारी कथा आपल्याला कळते ती तिच्या लेखणीतून.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. संसार असह्य झाला तेव्हा या बाईपाशी परतीचा देश होता, माहेर होते. गुरांचे देज घेऊन दिलेल्या सांबुरू लेकीला माहेरी परतणे इतके सोपे नसते. दिलेली गुरे आड येतात. तिचे पुस्तक सहसा कोणी छापत नाही.

चौदा वर्षांनी, २००४ साली, ही बाई बार्सालोईला पाहुणी म्हणून गेली. सासूने तिला जवळ घेतले. पूर्वाश्रमीच्या नवऱ्याशीही स्नेहाने बोलणे झाले. संसार मोडूनही नाते उरले, ही त्या घराची थोरवीच म्हणावयाची. मिश्रविवाह टिकत नाहीत असा निष्कर्ष यातून काढण्याचे कारण नाही. टिकणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या देशात जाऊन राहण्याची तयारी प्रेमिकांपाशी बहुधा असतेच. दुसऱ्याचा हिशेबही खरा असू शकतो हे मानण्याची तयारी मात्र लग्नानंतर रोज नव्याने करावी लागते. आणि त्यासाठी आफ्रिकेतच जावे लागते असे नाही.