एकशे साठ व्होल्टचा काळ

जून २००५ मध्ये वीज मंडळाच्या तीन कंपन्या झाल्या, त्याला वीस वर्षं उलटून गेली. त्या वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. नावं बदलली, बिलाचा कागद बदलला, भारनियमन आलं आणि ओसरलं. पण आता स्मार्ट मीटर लागतायत आणि आमच्या आळीतला शेवटचा चकतीचा मीटरही उतरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ओहमचा नियम मला पुस्तकाने सांगितला, पण पटवला तो त्या चकतीने.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. ऑगस्ट १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. राज्याला वीज पुरवणारा जिल्हा म्हणून आमची मान ताठ होती. आणि संध्याकाळ झाली की सिंदेवाही, नागभीड, आरमोरीकडच्या गावांत दिवा पिवळा पडायचा. लाइन गेलेली नसायची, ‘डीम’ असायची.

मी तेव्हा आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकत होतो. घरच्या मीटरवर छापलेलं होतं: एका युनिटला ६०० फेरे. म्हणजे १०० वॅटचा एकच दिवा लावला, तर चकतीवरची खूण मिनिटाला एकदा समोर यायला हवी. संध्याकाळी ती जवळजवळ दोन मिनिटं घ्यायची. व्होल्टमीटर लावला की काटा १६० वर. मग वही काढायची. २३० व्होल्टवर १०० वॅट म्हणजे धारा ०.४३ अँपिअर, व्होल्टला धारेने भागलं की रोध साधारण ५२९ ओहम. तोच रोध धरून १६० चा वर्ग ५२९ ने भागला की ४८ वॅट. दिवा निम्म्यावर! (थंड दिव्याचा रोध मल्टिमीटरवर ४० ओहमच्या आसपासच दिसतो, तार तापली की तो वाढतो. म्हणून डीम दिवा खरं तर ४८ पेक्षा थोडी जास्त शक्ती घेतो.) उजेड मात्र शक्तीपेक्षा कितीतरी झपाट्याने उतरतो. १६० वर तो एक तृतीयांशाच्याही खाली जातो. त्या उजेडात आमच्या पिढीने दहावी केली.

दिव्याचं एक वेळ सोसता यायचं, मोटरीचं नाही. दिवा कमी व्होल्टला धाराही कमी घेतो. मोटरीला मात्र तेवढंच पाणी वर खेचायचं असतं, म्हणून व्होल्ट पडले की ती धारा वाढवते. २३० चे १६० झाले, तर ढोबळमानाने धारा १.४४ पट. वाइंडिंगमधली उष्णता धारेच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट. ऐन रोवणीत बांध्या कोरड्या पडायच्या, त्याच आठवड्यात मोटरी जळायच्या आणि रिवाइंडिंगच्या दुकानापुढे बैलगाड्या उभ्या राहायच्या.

आम्ही तक्रार घेऊन गेलो, तेव्हा एका कार्यालयात उत्तर मिळालं की व्होल्टेज बरोबर आहे, मोटरच हलकी घेतली असेल. मी वही पुढे केली. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या खांबापर्यंत किलोमीटरभर तार, जाण्यायेण्याचा रोध सुमारे २ ओहम. त्यातून ३० अँपिअर गेले की ६० व्होल्ट वाटेतच गळतात आणि १८०० वॅट नुसती तार तापवण्यात जातात. वही उघडलीही गेली नाही. शेतकऱ्याला खोटं पाडलं, याचा राग मला आजही आहे. जवळ एक डीपी बसवली असती, तर प्रश्न मिटत होता.

हे गणित मंडळाला येत नव्हतं असं नाही. नव्वदच्या दशकाअखेर चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश धारेची, लाइन उभी राहिली: १५०० मेगावॅट, दोन ध्रुवांमध्ये दहा लाख व्होल्ट. भागाकार केला की धारा फक्त १५०० अँपिअर. व्होल्ट वाढवा, धारा घटते. धारा घटली की तारेतली गळती तिच्या वर्गाने घटते. मुंबईकडे जाणाऱ्या विजेसाठी हा हिशेब चोख झाला. शेवटच्या खांबासाठी कुणी केला नाही.

आता मोबाइलवर युनिटचे आकडे येतात. आयटीआयची पोरं क्लॅम्प मीटर लावतात, आकडा वाचतात, भागाकार मात्र करत नाहीत. मला हे फार लागतं, कारण या दोन जिल्ह्यांत तो भागाकार आता जिवाशी आलाय. रानडुकरांपासून धान वाचवायला किंवा शिकारीसाठी लाइनवर आकडा टाकून उघडी तार सोडतात. त्यात वाघ मेलेत, बिबटे मेलेत, भल्या पहाटे बांधीत उतरलेली माणसंही मेलीत. तार सोडणारा म्हणतो, काही झालंच तर फ्यूज उडेल. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरा. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, ५० वॅटचा दिवा घेतो तेवढीच धारा. पाच अँपिअरच्या फ्यूजला ती जाणवतसुद्धा नाही. हृदयाची लय बिघडायला मात्र ०.१ अँपिअर पुरतो.

नववीच्या विज्ञानात धाराविद्युत हा धडा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रत्येक शाळेत हा एक भागाकार फळ्यावर घेतला पाहिजे, आणि ग्रामसभेतही. दर वर्षी, धान निसवण्याच्या आत.