पारंबीवरचे मूल

समुद्र आणि खाडी यांच्या सान्निध्यात वसलेल्या धारावी बेटावर, तारोडीसारख्या गावात, एखादे सहा वर्षांचे मूल वडाच्या पारंबीला लोंबकळू लागले, की ओसरीवरून पहिली हाक येते ती बहुधा ‘अरे, पडशील!’ हीच, आणि ही हाक ज्या मायेतून निघते ती माया निःसंशय खरी असली, तरी तिच्या मुळाशी असलेली समजूत तपासून घेण्याजोगी आहे.

ती समजूत अशी, की खेळातली प्रत्येक जोखीम म्हणजे धोकाच, आणि तिचा समूळ बंदोबस्त करणे हेच दक्ष पालकाचे कर्तव्य. वस्तुतः हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरण्यातच सारा घोटाळा आहे. जी उंची मुलाला दिसते, जिचा अदमास घेत ते एक फांदी चढते, थबकते, आणि मन कचरले तर उतरून येते, ती जोखीम. परंतु पानांआड दडलेली किडकी फांदी, कठडा नसलेली विहीर, उघडी पडलेली विजेची तार, किंवा ओहोटीला निरुपद्रवी दिसणारा आणि पाय टाकताच ओढून घेणारा खाडीचा चिखल, ज्यांचे गांभीर्य बालबुद्धीला आकळणेच शक्य नसते, तो धोका. त्याचे निवारण वडीलधाऱ्यांनी कठोरपणे करावे. पाण्याच्या बाबतीत तर मुळीच गय नको, कारण बुडणे हे जगभर बालमृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. जोखमीला मात्र मुभा हवी.

एकदा पडलेले मूल कायमचे भित्रे होते, असेही पुष्कळांना वाटते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांची वाढ संशोधकांनी वर्षानुवर्षे न्याहाळली, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे आढळले, की पाच ते नऊ या वयात पडून ज्यांना दुखापत झाली होती, त्यांच्यात अठराव्या वर्षी उंचीचे भय इतरांपेक्षा अधिक नव्हते, उलट कमीच होते. धीट मुलेच अधिक चढतात व म्हणून अधिक पडतात, हेही त्याचे कारण असू शकेल. पण पडल्याने भय मनात घर करते ही समजूत तेथे टिकली नाही.

मुलांना अशी जोखमीची मुभा देणे म्हणजे ‘परदेशी थेरे’, हा आक्षेप तर मला सर्वांत कमी पटतो. सूरपारंब्यांच्या खेळात राज्य असलेला गडी सूर, म्हणजे दूर फेकलेली काठी, आणायला धावतो, तोवर बाकीचे झाडावर चढतात, आणि कोणती पारंबी आपला भार पेलील, किती उंचीवरून उडी टाकली तर शिवले न जाता सुरापर्यंत पोचता येईल, याचा हिशेब प्रत्येक जण क्षणार्धात करतो. हे शरीराचे गणित आपल्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना येत होते. ज्या ठाणे जिल्ह्यात आज तारोडी आहे, त्याच जिल्ह्याच्या जुन्या हद्दीत, १९४५ साली बोर्डीला आलेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम उभारलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना वर्गात कोंडण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. रानात गुरांमागे हिंडणाऱ्या मुलाच्या अंगी जे शहाणपण असते, त्याची कदर त्या कुरणशाळेत होती, असे मी मानतो.

मग दहीहंडीच्या थरावर चिमुरड्यांना चढवणेही हितकारकच का मानू नये? येथे उलट बाजूचा गैरसमज आहे. २०१७ साली राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात १४ वर्षांखालील मुलांना थरांत सहभागी होऊ न देण्याची हमी दिली, ती सर्वस्वी उचित होती. कारण तेथे मूल चढत नाही, ते चढवले जाते, आणि शेकडो डोळे वर लागलेले असताना, पायाखालचे खांदे थरथरू लागले तरी, आपल्या मर्जीने माघार घेण्याचा मार्ग त्याच्यापाशी उरत नाही. पारंबीवरच्या मुलाला मात्र, ओसरीवरून कोणी घाई केली नाही, तर दोन फांद्या आधीच थांबून, पायाने चाचपत, सावकाश खाली येता येते.