चीक: गाईचा आणि आईचा

गाय व्याली की चिकाचा खरवस आपण माकुणसारात शेजारी वाटतो. आणि बाळंतिणीचा पहिला, पिवळसर चीक? तो ‘जड’ म्हणून पिळून टाकत. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी आमच्याही घरी टाकला. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो, आणि गप्प बसलो.

आता तर हा चीक बाळंतपणाआधीच काढून ठेवता येतो. कशासाठी? आईला मधुमेह असेल, तर जन्मल्यावर बाळाची साखर उतरू शकते. तेव्हा हे थेंब कामी येतात. ३६ आठवड्यांनंतर, हात स्वच्छ धुऊन, हलकेच दाबून काढायचा, छोट्या सिरिंजमध्ये भरायचा, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा. मेलबर्नच्या अभ्यासात (२०१७) मधुमेह असलेल्या, पण दुसरी जोखीम नसलेल्या आयांनी असं केलं. त्यामुळे त्यांची बाळं अतिदक्षता विभागात जास्त गेली नाहीत. मात्र डॉक्टरांना विचारूनच हं! अकाली प्रसूतीची भीती असेल तर नकोच. आणि काही निघालं नाही, म्हणजे पुढे दूध येणार नाही, असं मुळीच नाही.

मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९पासून मातृदुग्धपेढी आहे. साठवणं आपल्याला जमतं. आधी टाकणं थांबवू या.