पोरांच्या हातातला फोन आणि घरची राखण



उसाचे बिल बँकेत जमा झाल्याचा निरोप ज्या फोनवर येतो, तोच फोन संध्याकाळी पोराच्या हातात असतो. ऊस नोंदीसाठी आम्ही वस्त्यांवर फिरतो तेव्हा ही गोष्ट घरोघर दिसते. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, अभ्यास फोनवर आला, आणि शाळा पुन्हा भरल्या तरी फोन काही पोरांच्या हातून सुटला नाही. त्याला आमची हरकत नाही. अभ्यास, हवामान, बाजारभाव सगळे आता त्यातूनच येते. पण विहिरीला कठडा नसेल तर आपण लेकराला तिकडे एकटे सोडत नाही. फोनलाही कठडा लागतो. म्हणून या अंकात लागणी-खोडव्याचा विषय बाजूला ठेवून घरच्या राखणीबद्दल लिहीत आहोत.

धोका कसा येतो?

पोरगं जो खेळ खेळते त्यात अनोळखी माणसाशी बोलता येते. समोरचा स्वतःला चौदा-पंधरा वर्षांचा म्हणवतो. खेळाचे कौतुक करतो, खेळातली एखादी महाग वस्तू फुकट देतो. मग म्हणतो, इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू. घरात सांगू नकोस. मग फोटो मागतो. नको तसा फोटो एकदा त्याच्या हाती पडला, की "पैसे दे, नाहीतर गावभर करतो" अशी धमकी सुरू होते. हे मुलींच्याच बाबतीत होते असे समजू नये. मुलगेही यात सापडतात. आता तर साध्या फोटोवरूनही खोटा उघडा फोटो तयार करता येतो. म्हणून गणवेशातले, शाळेचे नाव दिसणारे मुलांचे फोटो आपणही स्टेटसला लावू नयेत.

दुसरा धोका पैशाचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. तरीही चोरट्या लिंका येतात, आणि साध्या खेळातसुद्धा "हे विकत घ्या, ते विकत घ्या" चालूच असते. पिन पोराला ठाऊक असेल तर वर्षाची मेहनत बोटाच्या टोकावर आहे.

कठडा असा बांधावा

(१) यूपीआयचा पिन पोरांना सांगू नये. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर पिन म्हणून ठेवू नये. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे घरात सर्वांना पक्के माहीत हवे.

(२) प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असे करून ठेवावे.

(३) मुलाला वेगळा अँड्रॉइड फोन दिला असेल तर त्यात गुगलचे 'फॅमिली लिंक' हे ॲप जोडावे. ते फुकट आहे. कोणते ॲप घ्यायचे, किती वेळ वापरायचे, हे आईबापांना आपल्या फोनवरून ठरवता येते.

(४) व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांची स्वतःचीच वयाची अट १३ वर्षे आहे. खाते उघडताना खरी जन्मतारीख घालावी. वय वाढवून घातले की लहान मुलांसाठी ठेवलेली बंधने लागूच होत नाहीत.

(५) रात्री सगळ्यांचेच फोन माजघरात चार्जिंगला लावावेत, अंथरुणात नेऊ नयेत. हा नियम थोरांनीही पाळला तरच टिकतो.

खरी राखण कशात आहे?

हे सारे केले तरी एक गोष्ट राहते. खोडकिडीची अळी बाहेरून दिसत नाही. पोंगा वाळला की मग कळते. पोरांचेही तसेच. फोन वाजला की दचकणे, कोणी जवळ आले की पडदा झाकणे, जेवण तुटणे, शाळेला जायचे नाही म्हणणे, हे वाळलेले पोंगे समजावेत. पोंगा वाळला म्हणून आपण उभा फड नांगरत नाही. तेवढा पोंगा उपटून अळी मारतो.

पण घरात आपण उलटे करतो. फोन आपटतो, पोराला बडवतो. मुलगी असेल तर "उद्यापासून शाळा बंद" म्हणून मोकळे होतो. मग ती पुन्हा कधी तोंड उघडत नाही, आणि तिचे ऐकून तिच्या मैत्रिणीही गप्प बसतात. धमकी देणाऱ्याचे सगळे बळ या भीतीतच असते. "घरी कळले तर तुझे काय होईल?" एवढ्या एका वाक्यावर तो लेकराला नाचवतो. ज्या घरात "काही झाले तरी आधी आम्हाला सांग, शाळा सुटणार नाही" असे अगोदरच सांगून ठेवलेले असते, तिथे त्याचे हत्यार बोथट होते. हे आजच जेवताना सांगावे.

प्रसंग आलाच तर पैसे देऊ नयेत. दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नये. त्याचे आणि नंबराचे स्क्रीनशॉट काढून मग तो नंबर ब्लॉक करावा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. पोलिसांत जायला लोक अब्रूच्या भीतीने कचरतात, पण २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाचे नाव उघड करता येत नाही. जबाब घरी घेता येतो, तेव्हा पोलिसाने गणवेशात असू नये असा नियम आहे, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

सेटिंगचे काम कुणाला जमत नसेल तर फोन घेऊन गट ऑफिसला यावे. आमचे शेतकी मदतनीस समोर बसून करून देतील. पिन मात्र आम्हालाही सांगू नका.

आपले,
ऊस विकास विभाग, शेतकी खाते