लिव्हाडिया (प्राचीन लेबाडिया)

मध्य ग्रीसमधील बिओशिया विभागाचे मुख्य ठिकाण व ट्रोफोनियसच्या दैवी कौलासाठी प्राचीन काळी प्रसिद्ध असलेले नगर. ते ॲथेन्सच्या वायव्येस हर्किना नदीकाठी वसले आहे. परिसर चुनखडकाचा असून येथील पुराणकथा मुख्यतः झरे, गुहा व भूविवरे यांच्याशी निगडित आहेत. पुढे पाताळाची राणी झालेली पर्सेफनी ही हर्किनाची बालसखी होती. खेळताना हर्किनाच्या हातून निसटून गुहेत दडलेला हंस पर्सेफनीने दगडाखालून बाहेर काढला, तेव्हा तेथून नदी उगम पावली, अशी कथा आहे.

ट्रोफोनियस व ॲगामीडीझ हे ऑर्कॉमेनसचा राजा अर्जायनस याचे पुत्र व निष्णात स्थपती मानले जात. ह्यूरिएस राजाच्या कोषागाराचा एक दगड त्यांनी बाहेरून काढता येईल असा बसविला आणि आतील द्रव्य ते चोरू लागले. राजाने लावलेल्या सापळ्यात ॲगामीडीझ अडकला. तेव्हा आपले नाव उघड होऊ नये म्हणून ट्रोफोनियसने भावाचा शिरच्छेद केला. पुढे लेबाडिया येथे धरणी दुभंगून तो तीत गडप झाला. अशा प्रकारे भ्रातृहत्या करणारा हा वीर भूगर्भातून भविष्य सांगणारे दैवत बनला.

या कौलाचे तपशीलवार वर्णन पॉसेनिअस या इ. स. दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखकाने केले आहे; त्याने स्वतःही येथे कौल घेतला होता. पृच्छक काही दिवस व्रतस्थ राही, हर्किनेत स्नान करी व बळी अर्पण करी. अखेरच्या रात्री ॲगामीडीझच्या नावे मेंढा बळी दिला जाई. त्यानंतर पृच्छक प्रथम लीथी (विस्मृती) झऱ्याचे पाणी पिऊन मनातील सर्व विचार विसरे. नंतर निमॉसिनी (स्मृती) झऱ्याचे पाणी पिई, ते पुढील अनुभव लक्षात राहावा म्हणून. मग तो शिडीने सु. ८ हात खोल विवरात उतरे व हाती मधाच्या पोळ्या घेऊन तळाशी असलेल्या अरुंद छिद्रात पाय घाली. त्यासरशी तो आत ओढला जाई. परतल्यावर त्याला स्मृतीच्या आसनावर बसवून पुजारी सर्व वृत्तांत विचारीत. भयाने त्याची शुद्ध हरपलेली असे. हसू मात्र कालांतराने परत येई.

डेल्फाय येथे देवाचा संदेश पिथिया या पुजारिणीच्या मुखातून मिळे. येथे पृच्छकाला तो स्वतःच अनुभवावा लागे. भूमिगत दैवताला भेटणे हे मृत्यूचे दर्शन घेऊन परतण्यासारखेच होते. विस्मृती, स्मृती व भय यांचा हा क्रम म्हणजे या विधीचे मर्म होय.

लिडियाचा राजा क्रीसस व इराणी सेनापती मार्डोनियस यांनी येथे दूत पाठविल्याचे हीरॉडोटसने नमूद केले आहे. इ. स. पू. ३७१ मधील ल्यूक्ट्राच्या विजयानंतर येथे झ्यूसच्या सन्मानार्थ बॅसिलिया महोत्सव सुरू झाला. जवळच्या कायरोनियाचा रहिवासी प्लूटार्क याच्या मते, बिओशियातील इतर कौलस्थाने मूक झाल्यावरही लेबाडियाचे तेवढे चालू होते. कायरोनियात झ्यूससाठी घडविलेला मानला जाणारा राजदंड पूजिला जाई. त्याला देवालय नव्हते, वर्षासाठी नेमलेला पुजारी तो आपल्या घरी ठेवी. हर्किनेचे झरे अद्याप वाहत असून लगतच्या खडकात नवस फेडण्यासाठी कोरलेले कोनाडे दिसतात.