ठिणगी वाटेत कोठे क्षीण होते?

डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर खारा वारा पत्रे, खिळे व कड्याकुलुपे किती लवकर खातो, हे आमच्या पालकवर्गास सांगावयास नको. तोच वारा घरच्या जुन्या मोटारसायकलीच्या तारांतही शिरतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. गाडी दिवसा बरी चालते. रात्री दिवा लावला की अडखळू लागते. आणि एखाद्या पावसाळी सायंकाळी तलासरीजवळ महामार्गावर, मागून मालमोटारी धावत येत असता, एकाएकी बंद पडते. मग घरचा कर्ता मनुष्य नवी बॅटरी घेतो, ती व्यर्थ गेल्यावर नवी कॉइल घेतो. आणि खरी अपराधी अशी एखादी कवडीमोलाची जोडणी जागच्या जागीच राहते!

पॉइंट असलेल्या जुन्या गाडीत (१९५५ सालापासून मद्रासेस बनू लागलेली बुलेट बहुतेकांच्या परिचयाची आहे) वीज बॅटरीतून निघते, फ्यूज व चावीचे कुलूप ओलांडून कॉइलमध्ये शिरते, तेथून पॉइंटमार्गे इंजिनाच्या धातूत उतरते व सांगाड्यातून बॅटरीकडे परतते. पॉइंट जुळलेले असता कॉइलमध्ये चुंबकत्व साठते. ते उघडताच प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते, आणि कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते.

या वाटेवर प्रत्येक जोडणी म्हणजे एक जकातनाकेच होय. पितळेच्या भांड्यास कल्हई नसली म्हणजे त्यातील ताक कळकते. तोच हिरवा कळंक तांब्याच्या तारेवर व पितळी टोकांवर चढला की विजेस रोध होतो. ही जकात किती पडते, हे मोजण्याचा नियम जॉर्ज ओहम याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. विद्यार्थ्यांस कौतुक वाटेल की, तो त्या काळी कोलोन येथील जुन्या जेझुइट विद्यालयात शिक्षक होता. प्रवाहास रोधाने गुणिले असता दाबाची घट निघते, हे त्या नियमाचे सार.

आता हिशेब पाहा. कॉइलचा रोध साडेतीन ओहम व बॅटरीचा दाब १२ व्होल्ट धरला, तर प्रवाह सुमारे ३.४ अँपिअर होतो. वाटेत कळंकाने केवळ अर्धा ओहम वाढविला, तर प्रवाह ३ अँपिअरवर येतो व दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. कॉइलमध्ये साठणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ चतुर्थांशाने घटते. त्याच तारेतून दिव्याचाही प्रवाह जात असेल, तर घट आणखी वाढते. रात्री अडखळण्याचे मर्म हेच. ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांस तर दीड व्होल्ट म्हणजे पावच हिस्सा!

येथे एक फसगत संभवते. पॉइंट उघडे असता कॉइलच्या टोकाशी मीटर लावले, तर ते पुरे १२ व्होल्ट दाखविते, आणि वायरिंग निर्दोष आहे असे आपण समजतो. परंतु प्रवाहच नसेल तर घट कोठून होणार? नाक्यावरून गाडी गेली नाही तर जकातही नाही. सबब, किक हलकेच दाबून पॉइंट जुळवावे. अँमिटर असलेल्या गाडीत काटा किंचित उणे बाजूस झुकतो, ती खूण. मग चावी चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या अधिक खुंटीस व दुसरे कॉइलच्या येणाऱ्या तारेस लावावे. आकडा शून्यानजीक हवा. अर्धा व्होल्ट वा अधिक दिसल्यास चोर वाटेत आहे. दुसरे टोक कॉइलकडून चावीच्या कुलपाकडे व तेथून फ्यूजकडे एकेक जोडणीने मागे न्यावे. जेथे आकडा एकदम उतरेल, त्याच्या अलीकडची जागा संशयित. परतीची वाटही विसरू नये: बॅटरीचे उणे टोक व इंजिनाचा धातू यांमध्येही हीच परीक्षा करावी, कारण सांगाड्यावरील रंगाखाली गंज लपून बसतो. काम आटोपताच चावी बंद करावी, नाहीतर कॉइल तापते. प्लगच्या जाड तारेस मात्र हात लावू नये.

दुरुस्तीपूर्वी बॅटरी सोडवावी. टोके पॉलिश कागदाने घासून घट्ट आवळावी व वरून व्हॅसलीन लावावे. पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळलेला सांधा कापून नवा करावा. चावीचे कुलूप आतून झिजले असेल तर बदलावे. रस्त्याकडेची काही मंडळी फ्यूज टाळून बॅटरीतून थेट तार ओढून देतात. त्याने गाडी तत्काळ चालू होते खरी. परंतु पेट्रोलच्या टाकीखाली ती तार घासली गेली तर तिला अडविणारे कोणी उरत नाही.

शेवटी दिवा लावून पुन्हा मापन करावे व आलेला आकडा तारखेसह वहीत टिपून ठेवावा. पुढील पावसाळा सरल्यावर त्याच्याशी ताळा पाहता येतो.